कंट्री गाण्यांतले डोंगर नकाशावर कुठे सापडतात?

विचारणारा ट्रेकर आहे. मुक्कामाला शेकोटी पेटली की त्यांच्या ग्रुपमध्ये 'कंट्री रोड्स' होतंच होतं. त्याचं म्हणणं असं: कंट्री संगीत मन लावून ऐकायला लागलो तर जिथे तिथे डोंगर. हे डोंगर खरोखर त्या गायकांच्या गावचे असतात, की आपल्या जुन्या सिनेमातल्या काश्मीरसारखा मागे टांगलेला पडदा? आणि दुसरं, कॉर्ड तर त्याच तीन, मग माझ्या गिटारवर तो डोंगरी आवाज का येत नाही?

मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत, पूर्व टेनेसीत राहते. आले नोकरीसाठी, राहिले बँजोसाठी. आता बँजो आणि गिटार शिकवते, आणि शनिवारी कुणाच्या तरी ओसरीवर चार जणांत बसून वाजवते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात तुमच्याच गाण्यापासून करू. 'कंट्री रोड्स' १९७१ चं. त्यात वेस्ट व्हर्जिनिया राज्याचं नाव आहे, ब्लू रिज डोंगर आहेत, शेनान्डोआ नदी आहे. आता नकाशा उघडा. ब्लू रिज आणि शेनान्डोआ दोन्ही मुख्यतः शेजारच्या व्हर्जिनियात. वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेच्या टोकाला, हार्पर्स फेरीपाशी, जेमतेम शिवतात. गाणं सुचलं ते बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीला, मेरीलँडमधल्या क्लॉपर रोड नावाच्या रस्त्यावरून गाडीने जाताना. डॅनॉफ तोवर वेस्ट व्हर्जिनियात गेलेलाही नव्हता. तो मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, आणि ते नावही चालीत बसतंय का हे त्याच्या डोक्यात येऊन गेलं होतं. १९७० च्या डिसेंबरअखेर वॉशिंग्टनमध्ये गायक जॉन डेन्व्हरने त्यांच्यासोबत बसून ते पुरं केलं.

म्हणजे खोटं गाणं? २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते अधिकृत राज्यगीतांपैकी एक म्हणून स्वीकारलं, आणि तिथल्या विद्यापीठाच्या मैदानावर सामना जिंकल्यावर हजारो लोक गळ्यात गळे घालून ते म्हणतात. त्यांना नकाशा ठाऊक आहे. पण गाण्यातला माणूस कुठे आहे बघा. तो डोंगरात नाहीच, तो रस्त्यावर आहे, गाडीत आहे आणि उशीर झालाय. तुम्ही शेकोटीपाशी, डोंगरात बसून, डोंगरापासून लांब असलेल्या माणसाचं गाणं म्हणता. मला याची नेहमी गंमत वाटते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे: कंट्रीतली डोंगराची गाणी बहुतेक डोंगर सोडलेल्यांनी लिहिली आहेत. जो तिथे राहतो तो डोंगराबद्दल गात नाही. तो गातो खून, लग्न, देव, रेल्वे आणि दारू यांबद्दल. समोरचा डोंगर रोजचाच, त्याला काय गायचं?

गायिका डॉली पार्टनचं उदाहरण घ्या. १९४६ चा जन्म, स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी सेव्हियर काउंटीत, भावंडं मिळून बारा. १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नॅशव्हिल गाठलं. 'माय टेनेसी माउंटन होम' हा पूर्ण अल्बम आला १९७३ मध्ये, शहरात नऊ वर्षं काढल्यावर. आणि तो उघडतो कशाने? नॅशव्हिलहून घरी पाठवलेल्या पहिल्या पत्राने. आधी पत्र, मग ओसरी, मग काजवे. नॅशव्हिलही टेनेसीतच आहे, परदेश नव्हे. पण तेवढं अंतर पुरलं.

गायिका हेझल डिकन्स तर मला डॉलीहूनही जवळची वाटते. वेस्ट व्हर्जिनियाच्या मर्सर काउंटीतली, कोळसा खाणीतल्या कुटुंबातली. तरुणपणी बाल्टिमोरला गेली आणि कारखान्यात राबली. गाव सोडल्यावर तिने जी गाणी लिहिली त्यांत 'वेस्ट व्हर्जिनिया, माय होम' आहे आणि खाणीतल्या धुळीने फुप्फुसं काळी पडून मेलेल्या सख्ख्या भावावरचं 'ब्लॅक लंग'ही आहे. दोन्हींत डोंगर तोच. एकात तो बोलावतो, दुसऱ्यात तो माणूस खातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लाखो लोक या डोंगरांतून उतरून डेट्रॉइट, सिनसिनाटी, शिकागो, बाल्टिमोरच्या कारखान्यांत गेले. पूर्व केंटकीतून उत्तरेकडे जाणारा हायवे क्रमांक २३ हा त्यांचा मुख्य मार्ग. गायक ड्वाइट योकम याच रस्त्याच्या काठी, पाइकव्हिलला जन्मला आणि ओहायोत वाढला. त्याने या रस्त्याच्या नावाचं गाणंच केलं, शाळेत लिहायला-वाचायला शिकायचं आणि पुढचा धडा म्हणजे हायवे २३ अशा आशयाचं. शहरात या लोकांना 'हिलबिली' म्हणून हिणवत. मुंबईत 'घाटी' शब्द ज्या सुरात उच्चारला जायचा तोच सूर. १९२५ मध्ये एका वादक टोळीने थट्टेत तेच नाव घेतलं आणि पुढे दोन दशकं या संगीतालाच 'हिलबिली' म्हणत. 'कंट्री' हे सोवळं नाव नंतरचं.

आता थोडं मागे जाऊ, कारण खरा मजकूर तिथे आहे.

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात क्लिंच माउंटन नावाची धार आहे. धारच म्हणते, शिखर नाही. आपल्याकडे डोंगर म्हटला की सुळका, कडा, माची डोळ्यांपुढे येते. इथे लांबच लांब, एकसारख्या उंचीच्या, एकमेकींना समांतर धारा आहेत, नांगरलेल्या शेतासारख्या, आणि मधल्या सऱ्यांमध्ये माणसं राहतात. उंचीने फार नाहीत. अख्ख्या अपालाचियन रांगेतलं, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या या सगळ्या डोंगरांतलं, सर्वोच्च माउंट मिचेल २,०३७ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. अडवतात त्या लांबीने. पलीकडे जायला खिंड शोधावी लागते.

क्लिंचच्या एका अंगाला पुअर व्हॅली, दुसऱ्या अंगाला रिच व्हॅली. गरीब खोरं, श्रीमंत खोरं. नावं जमिनीच्या कसावरून पडली. ए. पी. कार्टर गरीब खोऱ्यातला. फळझाडांची रोपं विकत तो धार ओलांडून पलीकडे कॉपर क्रीकला गेला, तिथे त्याला सारा नावाची मुलगी गाताना भेटली, आणि लग्न करून तो तिला अलीकडे घेऊन आला, अशी कथा सांगतात. साराची चुलतबहीण मेबेलही पलीकडचीच, ती ए. पी.च्या भावाची बायको झाली. हे तिघं म्हणजे कार्टर फॅमिली.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. ब्रिस्टलच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसीत, दुसरी व्हर्जिनियात. एका गाण्याचे ५० डॉलर आणि पुढे रॉयल्टी, असा भाव होता. कार्टर मंडळी निघाली: साराचं अंगावरचं मूल, अठरा वर्षांची मेबेल पोटुशी, रस्ता कच्चा, वाटेत नदी. अंतर पंचवीस-तीस मैल, पण जायला दिवस गेला. १ आणि २ ऑगस्टला त्यांनी सहा गाणी दिली. त्याच आठवड्यात, त्याच जागी जिमी रॉजर्सनेही रेकॉर्डिंग केलं. तो मिसिसिपीचा, सपाटीवरचा, रेल्वेत काम केलेला. कंट्रीचा जन्म इथला असं म्हणतात; ते खरं धरलं तर जन्मापासूनच एक पाय डोंगरात आणि एक रुळावर.

पीअरला अशी गाणी हवी असायची ज्यांवर नवा हक्क नोंदवता येईल. म्हणून ए. पी. खोऱ्याखोऱ्यांतून गाणी गोळा करत फिरे. सोबत असे लेस्ली रिडल, कृष्णवर्णीय गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गमावलेला. ए. पी. शब्द उतरवून घेई, रिडल चाल डोक्यात ठेवी. मेबेलही त्याच्याकडून वाजवण्याच्या गोष्टी शिकली. जी 'अस्सल डोंगरी' गाणी म्हणून जगाला मिळाली त्यांतली कित्येक अशी गोळा केलेली. 'वाइल्डवुड फ्लॉवर' तर १८६० साली छापलेलं दिवाणखान्यातलं गाणं होतं, शहरी बायकांनी पियानोवर म्हणायचं. तोंडातोंडी डोंगरात पोहोचलं, शब्दांची मोडतोड झाली, अर्धी कडवी निरर्थक झाली, आणि मग ते इथलं झालं. अस्सलपणाच्या शोधात निघालेल्यांची इथे पंचाईत होते. माझी आता होत नाही.

१९२९ मध्ये त्यांनी 'माय क्लिंच माउंटन होम' रेकॉर्ड केलं. ते केलं न्यू जर्सीत, कॅम्डेनला, डोंगरापासून शेकडो मैलांवर. पुन्हा तेच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आवाजाचा. इथे मी जरा रमणार आहे.

आधी एक गैरसमज. डोंगरात हाक मारायची म्हणून आवाज उंच, दरीत घुमतो म्हणून सूर लांब, असं भरपूर लिहिलं जातं. ऐकायला छान, पण पटण्यासारखं नाही. 'हाय लोनसम', म्हणजे उंच आणि एकाकी, हा शब्द ज्याच्या गाण्याला सगळ्यात जास्त चिकटवतात तो बिल मन्रो पश्चिम केंटकीतल्या रोझीनचा, तिथे टेकाडं आहेत, डोंगर नाहीत. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज नॉर्थ कॅरोलायनाच्या पायथ्याखालच्या पठारी भागातला. त्याच्या बँडचं 'फॉगी माउंटन बॉइज' हे नाव कार्टरांच्या गाण्यातून उचललेलं. सूर आले ते माणसांबरोबर: स्कॉटिश-आयरिश आणि इंग्लिश वसाहतवाल्यांची पाच सुरांची जुनी गाणी, गुलामगिरीतून आलेल्या आफ्रिकी लोकांचा बँजो, आणि चर्च. डोंगराने काय केलं, तर हे सगळं एका खोऱ्यात कोंडलं आणि हळूहळू मुरू दिलं.

बँजोकडे या. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी मानेच्या टोकाला नसते, मध्येच पाचव्या पडद्यापाशी बाजूला असते. ती दाबायची नाही. अंगठ्याने मधूनमधून मोकळी छेडत राहायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सतारीची चिकारी आठवली, आणि काम तेच आहे: गत कुठेही जावो, वरचा षड्ज टिकटिकत राहतो. ही आखूड तार पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांकडून आलेली आहे. माझ्या कानाला कंट्रीतला 'डोंगर' बव्हंशी या एका तारेत आहे. चाल वळते, उतरते, चढते. ती तार जागची हलत नाही.

तारा सुरात लावायची इथली एक जुनी पद्धत आहे, सॉमिल ट्यूनिंग, म्हणजे करवतगिरणीची. तिलाच 'माउंटन मायनर' म्हणतात. जी हा षड्ज धरलात तर मोकळ्या चार तारा अशा: प, सा, म, प, आणि पाचवी वरचा सा. गंधार कुठेच नाही. मेजर की मायनर हे ठरवणारा सूरच गाळलेला, म्हणून नाव मायनर असलं तरी ती मायनर नाही. ऐकणाऱ्याला उदास वाटतं की नुसतं जुनं वाटतं हे सांगता येत नाही. गळ्यातही असंच. राल्फ स्टॅन्ली, क्लिंचच्याच परिसरातला, डिकन्सन काउंटीचा, प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये वाद्यांशिवाय गाणं ऐकत वाढला. त्याचा गंधार पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. पियानोवर तो सूर नाही. पंचाहत्तरीत त्याला 'ओ डेथ' या साथीविना गायलेल्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं. हेडफोन लावून ऐका, दिवा विझवून.

तिसरी गोष्ट मी फजिती होऊन शिकले. लहानपणी पाच वर्षं तबल्याच्या साथीने गाणं शिकले होते, तालाची मला घमेंड होती. इथे आल्यावर पहिल्याच ओसरी-मैफलीत एका आजोबांच्या फिडलमागे गिटार धरली. दुसऱ्या आवर्तनाला माझी सम चुकली. सावरले, पुन्हा चुकली. बाकी सगळे एकत्र येत होते, मी एकटीच आधी पोहोचत होते. संपल्यावर आजोबा म्हणाले, "ही जरा वाकडी आहे." इथल्या कित्येक जुन्या चालींत एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते, त्यांना 'क्रुकेड'च म्हणतात. एकेकटे वाजवणारे, साथ नाही, ठेका धरायला दुसरा नाही. जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे एक मात्रा थांबले, आणि ते थांबणंच चालीचा भाग झालं. कार्टरांच्या रेकॉर्डमध्येही हे आहे. मेट्रोनोम लावून त्यांच्याबरोबर वाजवून बघा. घाटरस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावल्यासारखं होईल.

आता तुमच्या गिटारवर. कॉर्डचा सरसकट झपाटा बंद करा. सी कॉर्ड धरा. अंगठ्याने फक्त जाड तारांवर चाल वाजवा, एक एक सूर, ठळक. दोन सुरांच्या मधल्या फटीत तर्जनीने पातळ तारा हलक्या खाली-वर घासा. अंगठा गातो, बोट ठेका धरतो. हीच मेबेलची 'कार्टर स्क्रॅच'. तिच्याआधी गिटार मागे बसायची, तिने ती पुढे आणून बसवली. १९२८ मध्ये तिने २७५ डॉलरची गिब्सन घेतली, त्या काळात ही भलतीच रक्कम. तर ही पद्धत आठवडाभर अगदी सावकाश करा. जमली की जिथे शक्य तिथे कॉर्डमधला गंधार सोडून द्या. जी कॉर्डमध्ये पाचव्या तारेवरचं बोट जरा आडवं करून ती तारच मुकी केलीत तरी निम्मं काम होतं. आवाज लगेच पोकळ आणि रुंद होईल. माझ्या शिष्यांना इथे पहिल्यांदा हसू फुटतं.

गीत लिहिणार असाल तर एकच सांगते: 'डोंगर' हा शब्द कमी वापरा. इथली चांगली गाणी 'हॉलर' म्हणतात, म्हणजे दोन सोंडांमधली घळ, तळाला ओढा, ओढ्याकाठी वाट, आत जायची आणि बाहेर यायची एकच. लोरेटा लिनच्या १९७० च्या 'कोल मायनर्स डॉटर' या गाण्यात बुचर हॉलर आलं आणि केंटकीतली ती एवढीशी घळ जगाला ठाऊक झाली. तिने देखावा सांगितलाच नाही. बापाचं खाणकाम, आईची धुण्याची फळी आणि रक्ताळलेली बोटं सांगितली. जीन रिची पूर्व केंटकीतल्या व्हायपरची, पुढे न्यूयॉर्कला राहिलेली. तिने खाण बंद पडलेल्या गावावर गाणं केलं ते रेल्वे कंपनीचं नाव घेऊन, 'एल अँड एन' आता इथे थांबत नाही म्हणून. अशी काही गाणी तिने थॅन हॉल या पुरुषी नावाने प्रसिद्ध केली. खाणीविरुद्ध बाई बोलली तर कोण ऐकणार, हा हिशोब त्यात होता.

उलट टोकाला 'रॉकी टॉप'. १९६७ मध्ये फेलिस आणि बुडलो ब्रायंट गॅटलिनबर्गच्या हॉटेलात संथ गाणी लिहून कंटाळले आणि दहाएक मिनिटांत हे लिहून मोकळे झाले. ती मिलवॉकीची, तो जॉर्जियाचा. गंमतगाणं आहे: जमीन खडकाळ, मका येत नाही, म्हणून मका बरणीतून, दारू करून, प्यायचा. १९८२ पासून टेनेसीचं राज्यगीत, आणि फुटबॉलच्या दिवशी तुम्ही त्यापासून पळू शकत नाही. रॉकी टॉप हा खराखुरा माथा आहे, स्मोकीजच्या राष्ट्रीय उद्यानात. पण २०१४ मध्ये तिथून बऱ्याच दूरच्या लेक सिटी या गावाने, पर्यटक येतील या आशेने, रॉकी टॉप हे नाव घेतलं. गाण्याच्या हक्कदारांनी कोर्टात खेचलं, तरी घेतलं. धरण झाल्यावर १९३० च्या दशकात लेक सिटी होण्यापूर्वी या गावाचं नाव कोल क्रीक होतं. १९०२ मध्ये तिथल्या फ्रेटरव्हिल खाणीत स्फोट होऊन सुमारे २०० माणसं गेली. स्मशानात थडगी गोलाकार मांडलेली आहेत. मी दरवर्षी एकदा तिथे जाते. गावाच्या पाटीवर गाण्याचं नाव आणि जमिनीखाली जुनं नाव.

आणि ज्या उद्यानात तो माथा आहे तेही माणसं उठवूनच झालं. १९३४ मध्ये स्थापना, त्याआधी हजारावर कुटुंबं तिथून हलवली गेली. १९३९ मध्ये जोसेफ हॉल या भाषा-अभ्यासकाने त्या डोंगरकऱ्यांची बोली आणि गाणी रेकॉर्ड केली, ती आजही ऐकता येतात. त्यांच्याही आधी हे डोंगर चेरोकींचे. १८३८ मध्ये त्यांना सैन्याने हाकललं. 'निळ्या धुराची जागा' हे या डोंगरांचं नाव त्यांच्या भाषेतलं, असं सांगतात. जुन्या घराच्या आठवणीने गहिवरणाऱ्या गाण्यांत चेरोकी जवळजवळ कधीच येत नाहीत, हे बोचतं.

रॉकीज, म्हणजे पश्चिम अमेरिकेतल्या डोंगरांबद्दल थोडक्यात, कारण ते माझं खोरं नाही. 'रॉकी माउंटन हाय' १९७२ चं, कोलोरॅडोने २००७ मध्ये राज्यगीत केलं. तिथला डोंगर सापडतो, नव्याने जन्म दिल्यासारखा; तिथे आजोबांची थडगी नाहीत. डेन्व्हर चांगलाच गायचा, पण तो पाहुण्याचा डोंगर आहे, आणि पाहुण्याला देखावा दिसतोच.

शेवटचं, खरेदीचं. हे वाचून बँजो घ्यायची हुक्की आली तर पुण्या-मुंबईच्या दुकानात नुसतं 'बँजो' म्हणू नका. आपल्याकडे बँजो म्हणजे मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बुलबुलतरंग, तोच काढून देतील. 'अमेरिकन, पाच तारांचा' म्हणा. मग चार तारांचा टेनर पुढे करतील, स्वस्त पडेल म्हणतील. त्याची मान निरखा. मध्यावर बाजूला एकटी खुंटी नसेल तर परत ठेवा.